आकडा अकरा जणांचा, नाव एकाचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळचा पुण्याचा, दोन वर्षांपासून डॅलसला असतो. ऑफिसातल्या फॅन्टसी लीगमुळे एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायला लागलो. क्रिकेटमध्ये सरासरी, स्ट्राइक रेट आणि कोणाविरुद्ध खेळला एवढं पाहिलं की फलंदाज साधारण कळतो. इथे प्रत्येक सामन्यानंतर आकड्यांचा ढीग पडतो, तरी अमुक खेळाडू चांगला की सामान्य यावर जाणकार एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. नेमका कोणता आकडा बघायचा?"

एकच आकडा सांगा म्हणाल तर तसा आकडा नाही. आणि डेटा कमी पडतो म्हणून असं होतं, असंही नाही. आज एनएफएलमध्ये प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि ती सेकंदाला दहा वेळा त्याची जागा नोंदवते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवाल. मी संख्याशास्त्र शिकलो, पोटासाठी विम्याची आकडेमोड करतो, आणि गेली बारा वर्षं मिडवेस्टमधल्या एका लहानशा कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी फिल्म चार्ट करतो. शनिवारी सामना झाला की रविवारी पहाटे चहाचा थर्मास घेऊन बसायचं आणि प्रत्येक प्लेसाठी, म्हणजे चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतच्या तुकड्यासाठी, तक्त्यात एक ओळ भरायची: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे होते, कोण कुठे उभा होता, समोरच्यांनी काय केलं, शेवटी काय झालं. दोन्ही बाजूंचे मिळून सव्वाशेच्या आसपास प्ले होतात. प्रत्येक प्ले दोन कॅमेऱ्यांतून, पुढे-मागे करत चार-पाच वेळा. तेव्हा मी आकड्यांचा वैरी नाही. ते लिहिणाऱ्यांपैकीच आहे, आणि म्हणूनच ते कसे लिहिले जातात ते मला माहीत आहे.

आता एक प्ले बघा. १ फेब्रुवारी २०१५, ऍरिझोनातलं ग्लेनडेल, ४९वा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिऍटल सीहॉक्स २४. चेंडू सिऍटलकडे, गोल लाइन (चेंडू घेऊन ती ओलांडली की टचडाउन) एका यार्डावर, घड्याळात २६ सेकंद. उजवीकडे सिऍटलचे दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकामागे एक उभे आहेत: पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. बेत असा की कर्सने पुढे घुसून बचावपटूंची वाट अडवायची आणि त्याच्या आडोशाने लॉकेटने आत वळून चेंडू घ्यायचा. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, रसेल विल्सनने चेंडू फेकला, आणि माल्कम बटलर नावाच्या, ड्राफ्टमध्ये (टीम दर वर्षी नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) कुणीही न निवडलेल्या नवख्या पोराने मध्ये झेप घेऊन तो पळवला. सामना तिथेच संपला.

स्कोअरशीटवर काय उरलं? विल्सनच्या नावावर एक इंटरसेप्शन दिलेलं, बटलरच्या नावावर एक घेतलेलं. आता फिल्म स्नॅपपाशी, म्हणजे चेंडू मागे दिला जातो त्या क्षणापाशी, थांबवा. कर्सच्या समोर ब्रँडन ब्राउनर उभा आहे. चेंडू हलल्याबरोबर तो दोन्ही हात कर्सच्या छातीवर ठेवतो आणि त्याला जागच्या जागी रोवून टाकतो. कर्स हललाच नाही, म्हणून बटलरची वाट मोकळी राहिली. ब्राउनर आदल्या हंगामापर्यंत सिऍटलकडूनच खेळलेला होता, त्या रचनेतून काय निघतं हे त्याला पाठ होतं. त्या प्लेसाठी ब्राउनरच्या नावापुढे काय लागलं? काहीही नाही. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, नाही, अडवलेला पास नाही.

मी सांगलीचा. आमच्याकडे कबड्डीच्या मैदानाच्या कडेला काही म्हातारी मंडळी ठाण मांडून बसायची. घोट्याला हात घालून चढाईवाल्याला आपटणाऱ्या कोपऱ्यातल्या पोराला सगळं गाव टाळ्या वाजवायचं, आणि हे म्हातारे पान चघळत म्हणायचे, "पकड त्याची न्हवं, आतल्याची. आतल्यानं वाट दाबली म्हणून त्यो कोपऱ्यात गेला." प्रो कबड्डीत आज टॅकल पॉइंट एकाच्या नावावर चढतो, साखळीतल्या बाकीच्यांच्या नावावर नाही. सात जणांत जे होतं तेच इथे अकरा जणांत होतं, आणि समोर आणखी अकरा.

क्रिकेटमध्ये चेंडू हे हिशोबाचं नैसर्गिक एकक आहे. एक टाकतो, एक खेळतो, बाकीचे नऊ-दहा जण बहुतेक वेळा वाट बघतात. बेसबॉलचंही तसंच. फुटबॉलच्या प्लेमध्ये बावीस माणसं एकाच क्षणी सुटतात आणि पाच-सहा सेकंदांत सगळं संपतं. चार यार्ड मिळाले हा निकाल त्या सगळ्यांचा. तो आपण लिहितो मात्र चेंडू हातात असलेल्याच्या नावावर, कारण तोच दिसतो. तुमचा सगळा आकड्यांचा ढीग या एका सोयीवर उभा आहे.

यापुढचा पेच जास्त अवघड आहे. समजा तुम्ही बावीसच्या बावीस जणांकडे पाहिलंत. तरी एखाद्याने काम नीट केलं का, हे ठरवायला त्याला कोणतं काम दिलेलं होतं ते माहीत हवं. आणि ते फिल्मवर लिहिलेलं नसतं.

हे मी तोंडावर आपटून शिकलो. तिसऱ्या हंगामात लाइनच्या कोचने मला ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे आपल्या चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या रांगेच्या, पाचही पोरांना प्रत्येक प्लेमागे अधिक किंवा उणे द्यायला सांगितलं. लेफ्ट गार्डला, म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाच्या लगेच डावीकडे, एक दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता, अंगाने आडवा, तोंडाने अबोल. तीन सामन्यांत त्याच्या नावापुढे उण्यांची रांग लागली. आणि सगळी साधारण सारखी: आपला माणूस चेंडू घेऊन धावतोय, गार्ड उजवीकडे सरकतोय, आणि त्याच्या डाव्या खांद्यावरून समोरचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभा राहणारा, मोकळा आत येऊन धावणाऱ्याला मागच्या मागे धरतोय. मी आलेख काढला. पाच जणांत हा खालून पहिला, आणि फरक इतका की मला वाटलं, आता या पोराला बसवतीलच.

कोचने आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. क्लिकर हातात घेतला आणि फिल्म स्नॅपच्या दोन सेकंद आधी नेऊन थांबवली. "सेंटरचं बोट बघ." चेंडू सुटण्याआधी सेंटर, म्हणजे चेंडू मागे देणारा रांगेतला मधला माणूस, समोरच्या एका लाइनबॅकरकडे बोट दाखवून ओरडतो, आणि त्या माणसापासून मोजत लाइनमधला प्रत्येक जण आपापलं गिऱ्हाईक ठरवतो. सेंटरने बोट दाखवलं होतं ते खऱ्या माणसाच्या शेजारच्याकडे. गार्ड त्या हिशोबाने जिथे जायला हवा होता तिथेच गेला, पावलं बरोबर, खांदे बरोबर. मोकळा सुटलेला लाइनबॅकर त्याचा नव्हताच. आणि सेंटर? त्याने समोर आलेल्याला उताणा पाडला होता, म्हणून त्याला मी त्याच प्लेला अधिक दिलं होतं.

मग आम्ही तिन्ही सामने पुन्हा लावले. काही ठिकाणी सेंटरही बरोबर निघाला, क्वार्टरबॅकने आयत्या वेळी मोजणी बदलली होती. सात-आठ प्ले असे उरले की कोचलाही पोरांना बोलावून विचारावं लागलं, आणि दोघांनी दोन उत्तरं दिली. त्या गार्डने पुढची दोन वर्षं सगळे सामने सुरुवातीपासून खेळले. माझा आलेख मी अजून ठेवला आहे, नवीन मदतनीस आला की पहिल्या दिवशी दाखवतो.

ज्या टीमची फिल्म, त्याच टीमच्या कोचला जे विचारावं लागतं, ते टीव्हीसमोर बसलेल्याला कसं कळणार? एनएफएलच्या प्रत्येक खेळाडूला गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रो फुटबॉल फोकसची पद्धत म्हणजे प्रत्येक प्लेला उणे दोन ते अधिक दोन, अर्ध्याच्या टप्प्याने. मग त्यातून शंभरपैकी गुण निघतात, दशांशासकट. मी ते बघतो, लाइनमनबद्दल बाहेरच्या माणसाला दुसरं फारसं काही उपलब्धही नाही. पण तो दशांश बघून फसू नका. तो मोजलेला नाही, कुणीतरी माझ्यासारख्याच माणसाने खुर्चीत बसून दिलेल्या मतांची ती बेरीज आहे, आणि त्याला सेंटरचं बोट दिसलं असलं तरी बोटाचा अर्थ माहीत असेलच असं नाही.

लाइनमनचा विषय निघालाच आहे तर जो थॉमस. २००७ ते २०१७ क्लीव्हलँड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल, म्हणजे रांगेच्या डाव्या टोकाचा लाइनमन. त्याची ओळख म्हणून जो आकडा सांगितला जातो तो आहे १०,३६३, म्हणजे ओळीने इतके स्नॅप तो एकही न चुकवता मैदानावर होता. शेवटी दंडाचा स्नायू फाटला तेव्हा साखळी तुटली. विचार करा, इतक्या मोठ्या खेळाडूचा सर्वांत प्रसिद्ध आकडा हा हजेरीचा आहे! कारण त्याच्या जागेवर खेळणाऱ्याचे आकडे लिहायची पद्धतच नाही, पेनल्टी सोडल्या तर. टीमच्या निकालांवरून मोजायचं म्हणाल तर त्या अकरा हंगामांत ब्राउन्स ४८ सामने जिंकले आणि १२८ हरले. तरी पहिल्या दहाही हंगामांत त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली आणि २०२३ साली, पात्र ठरल्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्यासमोर उभं राहिलेल्यांना आणि फिल्म बघणाऱ्यांना तो कोण आहे ते ठाऊक होतं.

तुम्ही डॅलसला आहात म्हणून तुमच्या गावचंच उदाहरण घेतो, आणि हे मला सगळ्यांत आवडतं. २०१४मध्ये काउबॉयजच्या डीमार्को मरेने ३९२ वेळा चेंडू घेऊन १,८४५ यार्ड काढले. लीगमध्ये पहिला. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी लाइन पुढे होती. हंगाम संपल्यावर फिलाडेल्फियाने मोठा करार देऊन त्याला उचललं, आणि २०१५मध्ये तिथे त्याचे झाले ७०२ यार्ड, दर धावेला ३.६. लोक म्हणाले, बघा, सगळी लाइनची करामत होती. त्या मताला बळकटी द्यायला डॅलसमध्ये त्याच वर्षी डॅरन मॅकफॅडन आला. ओकलंडमध्ये आधीचे तीन हंगाम सरासरी साडेतीनच्याही खाली घसरलेला, संपला म्हणून सोडून दिलेला माणूस. डॅलसच्या लाइनमागे त्याने १,०८९ यार्ड काढले, दर धावेला ४.६.

इथवर गोष्ट छान जुळते, आणि बरेच लेख इथेच संपतात. पण २०१६मध्ये मरे टेनेसीला गेला आणि पुन्हा १,२८७ यार्ड. म्हणजे तो नुसता लाइनच्या जिवावर नव्हता. फिलाडेल्फियात त्याला बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्या शेजारी उभं राहून, आडवं धावत चेंडू घ्यावा लागायचा. तो सात यार्ड मागून सरळ धावत येऊन फट शोधणारा गडी. आता सांगा, ३.६ हा आकडा कोणाचा? मरेचा, लाइनचा, की कोचच्या वहीचा? आकडा याबद्दल एक शब्द बोलत नाही. तीन वर्षं, तीन टीम आणि एक शेजारचं उदाहरण लागलं तेव्हा कुठे थोडं चित्र दिसलं, आणि अशी सोय दर वेळी होत नाही.

कॉर्नरबॅकच्या, म्हणजे रिसीव्हरला सांभाळणाऱ्या बचावपटूच्या, बाबतीत तर आकडे चक्क उलटे चालतात. ननामडी असोमुआ २००६मध्ये ओकलंडकडून खेळताना ८ इंटरसेप्शन घेऊन गेला. पुढच्या तीन हंगामांत प्रत्येकी एक, २०१०मध्ये शून्य. शीट बघणारा म्हणेल, उतार लागला. घडलं होतं ते असं की क्वार्टरबॅकनी त्याच्या बाजूला फेकणंच सोडलं. २०१०मध्ये, शून्य असताना, त्याला वर्षाच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे ऑल-प्रोत स्थान मिळालं. मग २०११ला फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार दिला. तिथे इंटरसेप्शन वाढली, तीन झाली, आणि तो मात्र पडला. ओकलंडमध्ये त्याचं काम होतं एका रिसीव्हरला चिकटून त्याला मैदानाच्या कडेला दाबणं. फिलाडेल्फियात त्याला फिरवत ठेवलं, कधी माणूस सांभाळायला, कधी जागा. दोन हंगामांनी त्याला सोडून दिलं. शून्य इंटरसेप्शन म्हणजे उत्तम आणि तीन म्हणजे उतार, हे कोणत्या सूत्रात बसवाल?

आणि हे फक्त आकडेवाल्यांचं अपयश नाही. फिलाडेल्फियाच्या माणसांनी त्याची फिल्म पाहिलीच असणार. माणूस त्यांना बरोबर दिसला, त्याचं तिथलं काम आपल्याकडे नाही हे नजरेतून निसटलं.

सॅकबद्दल, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याबद्दल, थोडक्यात. खेळाडूच्या नावावर सॅक अधिकृतपणे लिहायला सुरुवात झाली १९८२पासून. म्हणून १९७८मध्ये बबा बेकरने पदार्पणाच्या हंगामात काढलेले २३ सॅक, जुनी कागदपत्रं चाळून नंतर मोजले गेले तरी, अधिकृत यादीत नाहीत. उलट ६ जानेवारी २००२ला मायकल स्ट्रॅहानने २२.५वा सॅक घेऊन विक्रम केला, तो प्ले कधी सावकाश बघा. ब्रेट फार्व चेंडू घेऊन त्याच्या बाजूला येतो आणि जवळजवळ स्वतःहूनच त्याच्या पायाशी लोळण घेतो. स्ट्रॅहान अव्वल होता यात वाद नाही. पण तो एक सॅक आणि आतून दोघांना अंगावर घेऊन शेजाऱ्याला वाट करून देणाऱ्याचं शून्य, हे शेजारी-शेजारी ठेवले की सॅकच्या रकान्याची किंमत कळते. शिवाय कित्येक सॅक क्वार्टरबॅक स्वतःच ओढवून घेतो, चेंडू हातात धरून बसल्यामुळे. तो हिशोब मात्र बिचाऱ्या लाइनमनच्या नावावर.

आता क्वार्टरबॅक. तुम्ही म्हणाल, निदान त्याच्या हातात तर दर वेळी चेंडू असतो. खरं आहे, आकड्यांनी सगळ्यांत जवळ जाता येतं ते त्याच्याच. तरी जुनं पासर रेटिंग बघा. १९७३पासून एनएफएल ते वापरते. पूर्ण झालेले पास, दर पासला यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन अशा चार गोष्टींचं मिश्रण, जास्तीत जास्त १५८.३. तुम्ही दिवसभर प्रत्येक चेंडू प्रेक्षकांत फेकलात, एकही पास पूर्ण केला नाहीत, तर तुम्हाला शून्य मिळत नाही, ३९.६ मिळतात, कारण इंटरसेप्शन न दिल्याबद्दलचे पूर्ण गुण तुमच्या पदरात पडतात. सॅक त्यात धरत नाहीत, धावणं धरत नाही. आणि अगदी लाइनपाशी दिलेला चेंडू घेऊन रिसीव्हर सत्तर यार्ड पळाला तर सत्तरच्या सत्तर यार्ड फेकणाऱ्याच्या खात्यात.

याहून कितीतरी शहाणं माप म्हणजे ज्याला लोक ईपीए (एक्स्पेक्टेड पॉइंट्स ऍडेड) म्हणतात. कल्पना अशी: मैदानावरच्या प्रत्येक परिस्थितीची, म्हणजे कितवा डाउन, किती यार्ड हवेत, कुठे आहोत याची, गुणांत सरासरी किंमत काढायची, आणि प्लेने ती किंमत किती वाढवली किंवा घटवली ते मोजायचं. पाच हवे असताना तिसऱ्या डाउनला मिळालेले चार यार्ड हे यार्डांच्या हिशोबात कमाई, या हिशोबात नुकसान. यामागचं मूळ गणित १९७१मध्ये रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत ज्याने छापलं तो व्हर्जिल कार्टर स्वतः सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता. मला हे फार आवडतं: दर आठवड्याला मार खाणाऱ्या माणसाने बसून काढलेलं गणित.

पण ईपीए प्लेचं मोल सांगतं, माणसाचं नाही. ते क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मॅट कॅसलचं बघा. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून कधी सुरुवातीपासून खेळला नव्हता. २००८च्या पहिल्याच सामन्यात न्यू इंग्लंडच्या मुख्य क्वार्टरबॅकचा, टॉम ब्रेडीचा, गुडघा गेला आणि हा मैदानात आला. ३,६९३ यार्ड, २१ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, टीमचे ११ विजय. आदल्या वर्षी सोळापैकी सोळा जिंकलेली, रँडी मॉस आणि वेस वेल्कर असलेली टीम. कॅन्सस सिटीने त्याला घेतलं. २००९: १६ टचडाउन, १६ इंटरसेप्शन. २०१०: २७ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. मग पुन्हा घसरण. २०१०मध्ये नेमके चार्ली वाइस आक्रमणाचे कोच होते, जमाल चार्ल्स दर धावेला ६.४ यार्ड काढत होता, ड्वेन बोने १५ टचडाउन झेलले. वाइस एका वर्षात निघून गेले. यातला खरा कॅसल कोणता ते मला अजून सांगता येत नाही. बहुधा सगळेच खरे, ज्याच्या-त्याच्या माणसांसकट.

आणि संख्येचंही गणित लक्षात घ्या. हंगामात सामने फक्त १७, २०२०पर्यंत १६च होते. बेसबॉलमध्ये १६२. क्वार्टरबॅक वर्षाला साडेपाचशे-सहाशे पास फेकतो, पण त्यातले तिसऱ्या डाउनला, दहापेक्षा जास्त यार्ड हवे असताना, अंगावर धाव आलेली असताना फेकलेले किती? तुम्ही जितकं नेमकं विचाराल तितकी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी उरतात. दहा-बारा पासांवरून "दडपणाखाली तो असा खेळतो" असं ठासून सांगणारी पाटी टीव्हीवर आली की मी चहा ओतून घ्यायला उठतो.

चिपने यातलं बरंच सुधारलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात चेंडू पोचताना किती अंतर होतं, लाइनमनने अडीच सेकंद समोरच्याला थोपवलं का, हे आता मोजता येतं. पण अंतर जास्त दिसतं ते बहुतेकदा मधल्या जागेतून छोटे, सोपे मार्ग धावणाऱ्यांचं, आणि अंगाला अंग लागलेलं असताना उंच उडी मारून चेंडू काढणारा धिप्पाड गडी त्या यादीत तळाशी जातो. जागा कळली, काम कळलं नाही. पुन्हा सेंटरचं बोट.

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला खेळाडूंची जी शारीरिक चाचणी होते तिच्यावर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगतो की २०१७मध्ये जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम, सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्या हंगामात त्याने एकही पास झेलला नाही. २००३मध्ये अँक्वान बोल्डिन ४.७च्या घरात धावला, ५४व्या क्रमांकावर गेला, आणि पहिल्याच सामन्यात २१७ यार्ड काढून बसला.

यावरून "बघा, शेवटी जाणकाराची नजरच खरी" असं तुम्ही म्हणू लागाल तर थांबा. पुढे महान ठरलेल्या टॉम ब्रेडीला २०००च्या ड्राफ्टमध्ये १९९व्या क्रमांकापर्यंत थांबावं लागलं, आणि त्याला नाकारणाऱ्या सगळ्यांकडे फिल्म होती, अनुभव होता, नजर होती. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टचा हिशोब मांडून दाखवलं की टीम वरच्या क्रमांकांसाठी वाजवीपेक्षा जास्त मोजतात, म्हणजे आपल्या नजरेवर त्यांचा जरुरीपेक्षा जास्त भरवसा आहे. आणि चौथ्या डाउनला चेंडू लाथेने लांब उडवून द्यायचा की खेळायचा, यात कोच पिढ्यान्‌पिढ्या चुकत आले हे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६च्या लेखात आकड्यांनीच दाखवलं. आज त्या बाबतीत खेळ बदललेला दिसतो. तिथे आकडे चालतात याचं कारण प्रश्नच अख्ख्या टीमचा आहे. चौथ्या डाउनला दोन यार्ड मिळतील का, एवढंच विचारायचं आहे. कोणामुळे, ते नाही. किकरचंही तसंच बरंचसं जमतं, कारण तो एकटा असतो. म्हणजे अगदी एकटा नाही, चेंडू धरणारा आणि मागे फेकणारा असतो, पण सोडून देऊ.

तर मी स्वतः काय बघतो. क्वार्टरबॅकसाठी निदान तीन हंगामांचं ईपीए, आणि मधल्या काळात कोच किंवा मुख्य रिसीव्हर बदलला असेल तर बदलाच्या दोन्ही बाजू वेगळ्या. धावणाऱ्यासाठी पहिला धक्का बसण्याआधीचे यार्ड आणि नंतरचे यार्ड वेगळे मिळतात, त्यातले नंतरचे. कॉर्नरबॅकसाठी त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला गेला ते आधी, पकडला किती वेळा ते मग. टॅकलची संख्या मी बघत नाही. वाईट बचाव जास्त वेळ मैदानावर राहतो, म्हणून त्यातल्या लाइनबॅकरच्या टॅकल फुगतात. लाइनमनसाठी गुण बघतो, पण दोन लाइनमनमध्ये तीन-चार गुणांचा फरक असेल तर तो नाहीच असं धरतो, आणि फिल्म लावतो.

राहता राहिली तुमची फॅन्टसी लीग. तिथे यातलं काहीच आड येत नाही. लीग गुण देते ते नावावर लिहिलेल्या यार्डांना आणि टचडाउनना. ते यार्ड लाइनने मिळवून दिले की कोचच्या वहीने, याची चौकशी लीग करत नाही. तुम्हाला दोन धावणाऱ्यांत निवड करायची असेल तर जास्त चांगला कोण याचा विचार सोडा. कोणापुढे चांगली लाइन आहे ते बघा आणि २०१५चा मॅकफॅडन शोधा. तो स्वस्तात मिळतो.